न्यूटन चिखलीच्या खाणीतला पितळी बिल्ला

प्रश्न (रामबाग, इंदूर)
आमच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी पितळेचा गोल बिल्ला आहे. वर भोक, मधे ठोकलेला आकडा २१७. आबा मध्य प्रदेशात परासियाजवळ न्यूटन चिखलीच्या कोळसा खाणीत बत्तीघराचे बाबू होते. १० डिसेंबर १९५४ला खाणीत पाणी घुसलं, ६३ माणसं गेली. पुढे आबा इंदूरला येऊन मिलमध्ये लागले. खाणीबद्दल घरात कधी बोलले नाहीत, पण त्या तारखेला जेवायचे नाहीत. बिल्ला मात्र दर दसऱ्याला स्वतः चिंचेने घासायचे.

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. लहानपणीचं गाव एकदा बघायचं म्हणतात, म्हणून पेंचव्हॅली गाडीने परासियाला जातोय. आबांचा हजेरीचा बिल्ला सोबत न्यावा असं मनात आहे. त्यावरून आबांची तिथली काही नोंद सापडेल का?

उत्तर (निवृत्त ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख ठेवणारा)
ताई, हा बिल्ला आबांचा नसावा. बत्तीघराचा बाबू खाली उतरत नाही, त्याला बत्तीचा बिल्ला लागत नाही. खाली जाणारा खिडकीत बिल्ला द्यायचा आणि आपली बत्ती घ्यायचा. बिल्ला खिळ्यावर टांगलेला राहायचा. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर ज्याचा बिल्ला खिळ्यावर, तो माणूस अजून खाली. आम्ही वर आलो की आधी त्या फळीकडेच बघायचो.

पण हा त्या दिवसाचाच, असं लगेच धरू नका. काम सोडून गेलेल्यांचे बिल्लेही बत्तीघरात पडून असत.

उत्तर (परासिया)
नुसत्या आकड्यावरून माणूस सापडणं कठीण, एकाचा नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. फॉर्म बी रजिस्टर, म्हणजे कामगारांची नोंदवही शोधा, त्यात नावाबरोबर बापाचं नाव आणि गाव असतं. तेव्हा खाण खाजगी होती, राष्ट्रीयीकरण १९७३चं. आता हा भाग वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहे, त्यांच्या इथल्या कचेरीत विचारा. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्जही टाका, अपघाताची चौकशी त्यांच्याकडे असते. बाबांना घेऊन याल तेव्हा इथे लिहा, मी स्टेशनवर येईन.

प्रश्नकर्ती
काका, दोन्ही उत्तरं बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बिल्ला घासताना आबा पुटपुटायचे, मला वाटायचं स्तोत्र म्हणतायत, पण ते एकच नाव असायचं. बाबांना ते अजून आठवतंय. अर्ज त्या नावाने करते. बिल्ला घेऊन येतोय.