कॅप्टन व्वादिस्वाफ रागिनिस आणि विझ्ना: 720 विरुद्ध 42,000 कितपत खरं?

वाटसरू
सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडमधल्या विझ्ना गावाजवळ पोलिश आणि जर्मन सैन्यात झालेल्या लढाईबद्दल शोधलं की जिथे तिथे '40 विरुद्ध 1' एवढंच सापडतं. रागिनिस कोण होता, बंकर पडले कसे आणि त्याच्या मृत्यूबद्दल पक्कं काय माहीत आहे? जाणकारांनी सांगावं.

तटबंदी
जन्म 27 जून 1908, दाउगावपिल्स (आजचं लाटव्हिया). पायदळाचा अधिकारी. 1939 मध्ये पोलंडच्या सीमा-संरक्षण दलाच्या 'सार्नी' रेजिमेंटमधून तो विझ्नाला आला. नारेव आणि ब्येब्झा नद्यांजवळची सुमारे 9 किमीची फळी त्याच्याकडे होती. वय 31.

बंकरचं काम 1939 च्या उन्हाळ्यातलं, त्यामुळे बरंच अर्धवट राहिलेलं. भिंती जाड होत्या, पण हवा खेळती ठेवायची सोय धड नव्हती. बंद खोलीत मशीनगन सतत चालली की बारुदाचा धूर साचतो, डोळे चुरचुरतात, नेम चुकतो. रणगाडाभेदी रायफली दोनच असल्याचं सांगितलं जातं.

खरी गोची बंकरमधल्या अंतराची. आजूबाजूच्या खंदकांवर छप्पर नव्हतं. तोफा आणि विमानांच्या माऱ्याने तिथलं पायदळ हटलं की बंकर आंधळा होतो, कारण झरोक्यातून समोरचा पट्टा दिसतो, बगल दिसत नाही. मग रणगाडे झरोक्यांवर मारा करत राहतात, त्यांच्या आडून सॅपर (सुरुंग-स्फोटकांचं काम करणारे सैनिक) जवळ येतात आणि स्फोटकं लावतात. एक बंकर गप्प झाला की शेजारच्याची ती बाजू उघडी पडते. 10 सप्टेंबरपर्यंत बहुतेक सगळे असेच एकेक करून पडले.

कागदपत्रे
आकड्यांबाबत: 42,000 हा साधारण जर्मन सेनापती गुडेरियानच्या अख्ख्या 19 व्या कोअरचा (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या तुकडीचा) आकडा. ते सगळे एकाच वेळी विझ्नासमोर लढले नाहीत. पोलिश बाजूचा 720 हा आकडाही नंतरच्या संशोधकांनी बराच खाली आणला आहे. गुणोत्तराची घोषणा छान वाटते, हिशेब म्हणून कुचकामी.

'शरण या, नाहीतर कैद्यांना गोळ्या घालू' ही गुडेरियानची धमकी पोलिश कथनांत येते, त्याच्या स्वतःच्या आठवणींत नाही. तेव्हा जपून वापरावी.

वाटसरू
धन्यवाद दोघांनाही. आणि मृत्यू?

तटबंदी
तो भाग बऱ्यापैकी भक्कम आहे. रागिनिस आणि तोफखान्याचा लेफ्टनंट स्तानिस्वाफ ब्रिकाल्स्की यांनी जागा जिवंत सोडायची नाही अशी शपथ घेतली होती. ब्रिकाल्स्की आधी मारला गेला. 10 सप्टेंबरला गूरा स्त्रेंकोवा या ठिकाणच्या कमांड बंकरमध्ये दारूगोळा संपत आला, बहुतेक जण जखमी. रागिनिसने उरलेल्यांना बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः हातबॉम्बने जीव दिला. शेवटी बाहेर पडलेला सैनिक सेवेरिन बिएगान्स्की याने नंतर सांगितलं, की कॅप्टनने त्याच्याकडे मायेने पाहून जायची घाई केली आणि तो दाराशी पोचतोय तोच स्फोट झाला.

कागदपत्रे
एक भर. रागिनिस आणि ब्रिकाल्स्की या दोघांचे अवशेष 2011 मध्ये खणून काढले. रागिनिसची ओळख डीएनए चाचणीने पटली आणि 10 सप्टेंबर 2011 रोजी त्याच बंकरच्या अवशेषांजवळ पुन्हा दफन झालं. 2012 मध्ये त्याला मरणोत्तर मेजर केलं, म्हणून काही ठिकाणी 'मेजर रागिनिस' लिहिलेलं दिसेल. लढाईच्या संदर्भात मात्र कॅप्टनच लिहावं.