तिठा, घुटमळणे, बक्षीस

दापोलीहून: उंदीर निवड कशी करतो हे तपासायच्या टी-आकाराच्या चक्रव्यूहात डावं की उजवं जिथे ठरतं, त्या जागेला शब्द हवा आहे. आपल्या शब्दसूचीच्या मसुद्यात 'निर्णयबिंदू' आलाय.

सावंतवाडीहून: तिठा, म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. झाराप तिठा, हातखंबा तिठा रोज तोंडात असताना बिंदू कशाला? शिवाय त्या जागेला लांबी-रुंदी असते. माउससाठी (लहान उंदीर) मार्गिका साधारण १० सेंमी रुंद, रॅटसाठी (मोठा उंदीर) १६. फारच अरुंद केली तर उंदराला मान वळवायला अडचण होते आणि पाहायचं तेच नीट दिसत नाही. (एका तिठ्याचा 'चक्रव्यूह' कसला, हे आणखी वेगळं!)

रत्नागिरीहून: तिठा पसंत. तिथे थांबून उंदीर दोन्हीकडे डोकं फिरवतो, त्याला मानसशास्त्रज्ञ टोलमन 'व्हिकेरियस ट्रायल अँड एरर' म्हणत. शब्दशः भाषांतराच्या फंदात पडू नका. मराठीत हे घुटमळणंच. पण व्याख्या बांधून घ्या. नाक आळीपाळीने दोन्ही मार्गिकांकडे वळलं तरच घुटमळला. अंग चोरून नुसता उभा राहिला तर थिजला, आणि ती भीती. सवय झाली की घुटमळणं कमी होतं, म्हणून वरचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

दापोलीहून: आणि खाऊला 'आमिष' चालेल?

सावंतवाडीहून: नाही. आमिष गरीला आधी लावतात, बक्षीस निवडीनंतर मिळतं. वास येऊन उंदीर खाऊच्या दिशेने गेला, तर ते आमिषच झालं, निवड नव्हे. म्हणून दोन्ही टोकांना जाळीखाली, उंदराला खाता येणार नाही असा, सारखाच खाऊ ठेवतात.

रत्नागिरीहून: 'लगेच खाऊची १ गोळी की थांबून ४' या प्रयोगाला 'कळ काढणे' (धीर धरणे या अर्थी) चपखल बसतं. थांबणं ०, १०, २०, ४०, ६० सेकंद असं वाढवत नेतात. मात्र प्रत्येक फेरी एकाच लांबीची ठेवा, समजा १०० सेकंदांची. नाहीतर लगेचची गोळी घेणाऱ्याला जास्त फेऱ्या मिळतात. मग त्याला उतावळा म्हणता येत नाही, तो हिशेबी ठरतो.

सावंतवाडीहून: कोकणातल्या पावसाळ्यासाठी आणखी एक शब्द जोडा: सादळणे. ४५ मिलिग्रॅमच्या साखरेच्या गोळ्या आषाढात सादळून गोळी सोडणाऱ्या यंत्रात चिकटतात. बरोबर बाजू निवडूनही पुढ्यात काही पडत नाही, नोंदीत मात्र 'बक्षीस दिलं' उमटतं. गोळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसोबत ठेवा, आणि नोंद मोटर फिरल्याची नको, वाटीत गोळी पडल्याची घ्या.