मदत हवी आहे: खरंच घाबरवणारा पिक्चर सुचवा

मंडळी, शनिवारी रात्री आम्ही सगळी चुलत भावंडं जमतोय आणि पिक्चर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या वेळी 'किल' लावला, जवळजवळ अख्खा पिक्चर धावत्या ट्रेनमध्ये, मला तर जाम आवडला पण मारामारी इतकी रक्तबंबाळ की वहिनी अर्ध्यातून उठून किचनमध्ये गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे यंदा ॲक्शन बंद, हॉरर पाहिजे.

'मुंज्या' बघून झालाय, कोकण मस्त दाखवलंय, लग्नासाठी हटून बसलेलं भूतही भारी, पण भीतीपेक्षा हसूच जास्त आलं. 'स्त्री २' चं पण तेच. हल्ली भुताबरोबर कॉमेडी कंपल्सरी केलीय का? 'तुंबाड' २०२४ ला परत थेटरात लागला तेव्हा पाहिला, तसं काहीतरी हवंय, अंगावर येणारं.

मराठीत २०१७ चा 'लपाछपी' राहिलाय, तो आधी बघू की त्याचा हिंदी रिमेक 'छोरी'? गोष्ट एकच असेल तर दोन्ही बघण्यात अर्थ आहे का? आणि हो, घरात एक बारा वर्षांचा आगाऊ पोरगा आहे, तो झोपणार नाही हे धरूनच सांगा.