'विश्रांती घेतली' म्हणजे लोळत पडले का?

सुवॉनकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कोरियात पाच लाख धडधाकट पोरं नुसती लोळतायत, सरकारी सर्वेक्षणच सांगतं." डोकं फिरलं. फेब्रुवारी 2025 मध्ये 15 ते 29 वयोगटाचा हा आकडा पाच लाखांवर गेला, मान्य. पण सर्वेक्षण विचारतं काय? गेल्या आठवड्यात काय केलंत? काम नाही, शोध नाही, शिक्षण नाही, आजारपण नाही. उरला तो 'विश्रांती घेतली' या रकान्यात. अर्ज करकरून दमलेला तिथेच. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगाही कंत्राट संपल्यावर दोन महिने तिथेच असणार. रकान्याच्या नावावरून स्वभाव ठरवता?

खडूस काकू: ते 'कुणीतरी' मीच. दमले म्हणे! आम्ही गिरगावात एका खोलीत सात जण, तरी लग्नं झाली, पोरं झाली. तिथे 2023 चा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 0.72!

पावशेर: काकू, खोली पागडीची ना? भाडं किती होतं तेही लिहा. सोलमध्ये 'चॉन्से' चालतं. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही. पंचविशीतलं पोर आणणार कुठून?

बोरिवली फास्ट: म्हणजे आपलं हेवी डिपॉझिटच की! माझे बारा लाख अडकलेत. घर सोडून आठ महिने झाले, मालक फोन उचलत नाही.

खडूस काकू: पागडीवर बोलायचं काम नाही. छत गळायचं, दुरुस्ती आमच्याच खिशातून.

पावशेर: आणि आज ती खोली कितीला जाईल?

खडूस काकू: तुझ्या बापाला विचार!

सुवॉनकर: अहो, विषय तोच आहे. चॉन्सेच्या फसवणुकीत बुडालेले बरेचसे विशी-तिशीतलेच. 2023 मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला.

आकडेमोड: सुवॉनकर, तुम्हीही सोयीचंच सांगता. प्रेम, लग्न, मुलं सोडलेली 'साम्पो' पिढी हा शब्द 2011 चा, वर्तमानपत्राने काढलेला. तुम्ही अजून तोच सूर उगाळताय. 2024 मध्ये तिथली लग्नं 14.8 टक्क्यांनी वाढली, जननदर 0.75 वर आला. घरं स्वस्त झाली होती का?

सुवॉनकर: नाही झाली. कोविडात रखडलेली लग्नं त्यात आहेत. पण तेवढ्यानेच वाढली असं नाही, हे मान्य.

खडूस काकू: बरं बाबा, 'लोळतायत' मागे घेते. 'दमलेत' लिहा, हवं तर हारही घाला. 0.75 म्हणजे एक अख्खं मूलही नाही, ते मात्र मागे घेणार नाही.

बोरिवली फास्ट: डिपॉझिटसाठी कुणी वकील सुचवेल का?