रशियाचा गहू मदत म्हणून आला होता की उसना?

प्रश्न (परभणी)
नमस्कार. 1972 च्या दुष्काळातील परदेशी धान्यावर मी पदव्युत्तर प्रबंधिका लिहीत आहे. आमच्या गावातील वयस्कर मंडळींना अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी अजून चांगली आठवते. तिची भाकरी थापताना कडा फाटत असत आणि शाळूच्या भाकरीची सवय असलेल्या लेकरांना ती घशाखाली उतरत नसे, असे माझी आजी सांगते. मात्र त्याच सुमारास रशियानेही गहू दिला होता, हे काही जण ठासून सांगतात. समाजवादी देश एकमेकांना आणि मित्रदेशांना जे धान्य पाठवीत, ते खरोखर फुकट असे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 (नांदेड)
ताई, रशियाचा गहू ही दंतकथा नाही. सप्टेंबर 1973 मध्ये सोव्हिएत संघाने भारताला 20 लाख टन गहू देऊ केला. पण तो कर्जाऊ होता आणि त्याची फेड पैशात नव्हे, तर धान्यातच करायची होती. शेजारणीकडून पायलीभर जोंधळे आणावेत आणि सुगी झाली की तितकेच मापून परत करावेत, तसा हा व्यवहार होता. आपल्या सरकारजवळ परकीय चलनाची चणचण असताना डॉलर न मोजता धान्य मिळणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि म्हणून त्याला उपकार म्हणायला मला संकोच वाटत नाही. ऑगस्ट 1971 च्या मैत्री कराराची पार्श्वभूमीही त्यामागे होती.

आणखी एक बाब प्रबंधिकेत अवश्य घ्या. 1972 साली सोव्हिएत संघाचे स्वतःचेच पीक बुडाले होते आणि त्याने अमेरिकेकडून इतका गहू उचलला की जगाच्या बाजारात भाव भडकले. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस गेला होता, त्यामुळे आपल्याला महाग बाजारात उभे राहावे लागले. पुढच्या वर्षी सोव्हिएत शेतात विक्रमी पीक आले आणि मगच हा उसना गहू निघाला. या दोन्ही घटना शेजारी शेजारी मांडल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

उत्तर 2 (अंबाजोगाई)
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु भारत सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील समाजवादी देशांच्या गटाचा सदस्य नव्हता. गटाच्या आतले व्यवहार कसे चालत, हे पाहायचे तर क्युबा घ्यावा. तेथे गहू पिकत नाही. 1960 मध्ये अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा बंद केल्यावर सोव्हिएत संघ ती साखर घेऊ लागला आणि पुढे तिला बाजारापेक्षा चढा भाव देऊन बदल्यात तेल आणि गहू पुरवू लागला. 1963 मध्ये तर सोव्हिएत संघाने कॅनडाकडून जो गहू घेतला, त्यातला काही थेट क्युबाकडे रवाना झाला. याला मी मदतच म्हणेन, कारण चढ्या भावाचा बोजा कोणीतरी सोसत होते. मात्र त्यामुळे क्युबा केवळ उसावर विसंबून राहिला, हे आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. 1991 मध्ये आधी कोमेकॉन (या समाजवादी देशांची आर्थिक सहकार्य संघटना) आणि मग सोव्हिएत संघच संपला, तेव्हा रेशनच्या वहीवरील पाव आणि तेल दोन्ही आटले.

त्या संकटात 1992 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजीत यांनी 10,000 टन गहू जमवून पाठविण्याची घोषणा केली आणि नरसिंह राव सरकारने तितकीच भर घातली. राव हे महाराष्ट्राशी जुना संबंध असलेले पंतप्रधान होते. त्यांचा पक्ष वेगळा, आर्थिक धोरण तर उलट दिशेचे, तरीही त्यांनी हात आखडला नाही, ही गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते. हा गहू कोणत्याही हिशोबात परत मागायचा नव्हता.

उत्तर 3 (बीड)
दुसरी बाजूही नोंदवा. 1959 मध्ये चीनच्या खेड्यांत माणसे अन्नाविना मरत असताना त्या सरकारने सुमारे 42 लाख टन धान्य निर्यात केले, आणि त्यातला मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. फुगवलेल्या पिकाच्या आकड्यांवर वरिष्ठांनी विश्वास ठेवला, हे त्यामागचे एक कारण होते. 1961 मध्ये सोव्हिएत संघाने 10 लाख टन धान्य आणि 5 लाख टन साखर उधारीवर देऊ केली, तेव्हा चीनने साखर घेतली, धान्य मात्र घेतले नाही. ते कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडून विकत घेतले. मैत्रीपायी पोटाला चिमटा नेमका कोणाच्या बसला, हे विचारल्याशिवाय जहाजांचे आकडे लिहू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आता प्रत्येक खेपेपुढे "दाम कोणी, कशात आणि केव्हा चुकते केले" असा स्वतंत्र रकाना ठेवते.