‘सूट म्हणजे माज’ म्हणणाऱ्या काकांना थोडं लांबलेलं उत्तर

मीनल_ठाणे

परवा नाशिककर काकांनी लिहिलं होतं: “क्रूझवर सूट, म्हणजे ती ऐसपैस महागडी खोली, घेणं हा शुद्ध माज. जहाज तेच, समुद्र तोच, बुफे तोच. बिनखिडकीची आतली खोली घ्यावी आणि उरलेल्या पैशांत आणखी एक क्रूझ करावी. खोलीत फक्त झोपायलाच तर जायचं!” खाली लगेच ‘अगदी अगदी’ म्हणणाऱ्यांची रांग. तीन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

काका, पैशांवरून माझं काहीच म्हणणं नाही. तुमचे पैसे, तुमची खोली. माझं भांडण ‘जहाज तेच’ या दोन शब्दांशी आहे.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज एम्प्रेस १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे होतं. त्या काळी अशा जहाजांवर सूट म्हणजे मोठी खोली, बस. सूटवाल्यांना वेगळा मजला, वेगळं जेवणघर बांधायची पद्धतच नव्हती. तिथे तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. पण एमएससी कंपनीने २००८ साली फँटासिया जहाजावर सूटवाल्यांचा यॉट क्लब काढला, तो प्रकारच निराळा. कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. आत स्वतंत्र जेवणघर, स्वतंत्र लाउंज, स्वतंत्र डेक, चोवीस तास बटलर. नॉर्वेजियन क्रूझ लाइनचं हेवन, सेलिब्रिटी कंपनीचं रिट्रीट हीसुद्धा त्याच जातकुळीतली. हे जहाज ‘तेच’ कसं?

आणि रॉयल कॅरिबियनवर ‘सूट’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ, तीन चढते वर्ग: सी, स्काय, स्टार. स्टारवाल्याला दिमतीला ‘जिनी’ नावाचा खास सेवक मिळतो, पेयं, इंटरनेट, टिपा सगळं भाड्यात. सीवाल्या ज्युनियर सूटला काय, तर कोस्टल किचन या सूटवाल्यांच्या जेवणघरात फक्त रात्रीचं जेवण. लोक ज्युनियर सूट घेतात, जिनीची वाट बघतात आणि परत येऊन ‘सूटमध्ये काही अर्थ नाही’ म्हणून सांगत सुटतात.

आम्ही यॉट क्लब घेतला तो सासूबाईंसाठी. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. जेनोवाला बंदरावरची रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेलेली. आमच्यासाठी एक माणूस आला, बॅगा घेतल्या, आईंना खुर्चीसकट थेट वर नेलं. दुसऱ्या दिवशी बटलरच्या लक्षात आलं की आई उठल्या उठल्या गरम पाणी पितात. बालीचा पोरगा, चोविशीतला. तिसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दारात थर्मास, त्यावर उलटा ठेवलेला पेला. आम्ही सांगितलं नव्हतं.

---

नाशिककर_काका

म्हणजे गरम पाण्यासाठी तिप्पट भाडं. मी नळाचं पितो.

ताई, आम्ही दोघंही दारू पीत नाही. तुमच्या त्या ‘सगळं भाड्यात’मधली निम्मी किंमत दारूची असते, ती मी कशाला भरू? शिवाय या खोल्या असतात कुठे? जहाजाच्या अगदी वर आणि पुढच्या टोकाला. बागेतला सी-सॉ आठवा. मध्यावर बसलेला शांत, टोकावरचा उडतो. समुद्र खवळला की सूटवाले ॲव्होमिन चघळत असतात आणि मी खालच्या मजल्यावर मध्यभागी घोरत असतो.

आणि मी अनुभवाशिवाय बोलत नाही. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलांनी सूट काढून दिला होता. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक. पहाटे साडेपाचला खुर्च्या फरफटत मांडायला सुरुवात, आठही दिवस. बटलर दोनदा दिसला: पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला आणि शेवटच्या रात्री टिपांची पाकिटं ठेवायला. पाकीट रिकामं परत केलं. आणि रोजच्या ज्या टिपा खात्यात आपोआप लागतात, त्या तर मी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन काढून घेतल्या होत्या. कुठल्याही जहाजावर मी हेच करतो.

---

चहाबाज

बाकी चालू द्या. पण कोमट पाण्यात बुचकळलेल्या पिशवीला चहा म्हणणाऱ्या धंद्यात सर्व्हिसच्या गप्पा कसल्या मारता? अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक जहाजांवर खोलीत साधी किटली नसते, आणि घरून नेली तर बॅग तपासताना काढून ठेवतात.

---

एडिसनची_सई

मीनलताई, दोघांचंही चुकतंय. मास-मार्केट जहाजावरचा सूट म्हणजे लोकलचा फर्स्ट क्लास. डबा वेगळा, पण गर्दी त्याच गाडीची.

टनेज बघा, म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वजन नव्हे. रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज: २,४८,६६३ टन, खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी. माणशी ४४ टन. सिल्व्हरसी कंपनीचं लहान जहाज सिल्व्हर नोव्हा: ५४,७०० टन, प्रवासी ७२८. माणशी ७५. आकाराने एम्प्रेसहून थोडंच मोठं आणि माणसं निम्म्याहून कमी! तिथे सर्वांत स्वस्त खोलीही सूटच असते, बटलर प्रत्येकाला, टिपा भाड्यातच. मोठ्या जहाजाच्या वरच्या सूटएवढ्या पैशांत लहान जहाजाची तळाची खोली घ्यावी. आम्ही इथल्या न्यू जर्सीतल्या बायोन बंदरातून इतक्या वेळा रॉयल कॅरिबियन केलंय की आता त्या गर्दीत जाववत नाही.

---

मीनल_ठाणे

सई, मुद्दा बरोबर आहे. फक्त तुझ्याबरोबर दहा वर्षांचा मुलगा नव्हता. माझ्याबरोबर होता. त्या शांत जहाजावर त्याने तिसऱ्या दिवशी समुद्रात उडी मारली असती.

काका, सी-सॉचं खरं आहे, आईंना एक रात्र त्रास झाला. हे मी लिहायला हवं होतं. पण टिपा काढून घेतल्याचं तुम्ही अभिमानाने सांगताय?

---

तारवटी_बांदा

नाशिककर काका, वयाचा मान ठेवून लिहितोय, नाहीतर मालवणीत लिहिलं असतं.

मी आठ वर्षं जहाजावर होतो, केबिन अटेंडंट. कंपनी कुठली ते सांगत नाही. आठ-आठ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं, आठवड्याला सातही दिवस काम. एमएलसी, म्हणजे खलाशांच्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचा नियम सांगतो, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. म्हणजे उरलेले चौदा कुठे जातात ते तुम्हीच मोजा. पाण्याच्या पातळीला एक लांब बोळ असतो, त्याला सगळे ‘आय-९५’ म्हणतात. तिथून चादरींच्या गाड्या ढकलत दिवस सुरू व्हायचा. आमच्याकडे मूळ पगार नावाला, बाकी सगळं त्या टिपांच्या खात्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरकडे यादी यायची, कुठल्या कुठल्या खोलीने टिपा काढल्या. त्याच खोलीत दुपारी जाऊन मी टॉवेलचा हत्ती करून ठेवायचो. तुमच्या नातवाने फोटो काढला असेल त्याचा.

---

नाशिककर_काका

हत्तीबद्दल धन्यवाद.

आता माझं ऐका. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली वीस युनियनमध्ये. पगार मालकाने द्यायचा असतो. जहाज बहामाच्या झेंड्याखाली, माणूस बांद्याचा, गिऱ्हाईक नाशिकचं, आणि पगाराची जबाबदारी गिऱ्हाइकावर? ही कुठली रीत? रॉयल कॅरिबियनने २०२३ मध्ये टिपांचा दर साध्या खोलीला माणशी दिवसाला १८.५० डॉलर केला. दोघांचे आठवड्याचे २५९! एवढे घ्यायचेच आहेत तर भाड्यात मिळवा आणि मोकळे व्हा. इंग्लंडच्या पी अँड ओने २०१९ मध्ये केलंच की. जे हे करत नाहीत ते जाहिरातीत भाडं कमी दाखवतात आणि उरलेलं तुमच्या-आमच्या लाजेतून वसूल करतात. मी लाजत नाही, एवढाच माझा गुन्हा.

---

तारवटी_बांदा

तत्त्व शंभर टक्के बरोबर. आमच्या मेसमध्ये आम्हीही हेच बोलायचो. पण संप कंपनीविरुद्ध करायचा असतो ना काका? तुम्ही केलात तो माझ्याविरुद्ध. २५९ डॉलर कंपनीच्या मालकाच्या खिशातून नाही गेले.

---

एडिसनची_सई

आणि हे आपलेच लोक करतात, हे कधीतरी बोलायलाच हवं. पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या रांगेत बघा कोण उभं असतं.

---

दर्याकिनारी

सईबाई, ‘आपले लोक’ हे एडिसनमधून बोलायला सोपं आहे. टिपा काढणारे गोरे मी डोळ्यांनी पाहिलेत. उगाच सरसकट नको.

मला खटकतं ते वेगळंच. कार्डाशिवाय न उघडणारं ते दार. माझी आजी ‘रोहिणी’ बोटीने भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जायची. ट्रंक, वळकटी आणि डेकवर अंथरलेली चटई. वरचा वर्गही होता, पण वेंगुर्ल्याला उतरताना वरचा आणि खालचा सगळे एकाच होडीत, हेलकावा आला की एकमेकांच्या अंगावर. आता समुद्रही वाटून घ्यायचा का?

---

एडिसनची_सई

‘आता’ कुठलं? क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ जहाजावर आजही खोलीच्या वर्गावरून जेवणघर ठरतं. क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल, ब्रिटानिया. उलट मधल्या काळात ते पुसट झालं होतं, आता परत ठळक होतंय. आणि आजीच्या वेळी वरचा वर्ग परवडला असता तर आजीने चटई निवडली असती का, हे प्रामाणिकपणे सांगा.

---

दर्याकिनारी

आजीला वरच्या वर्गात गुदमरायचं. आजोबांनी एकदा तिकीट काढलं होतं, ती रात्री उठून खाली डेकवर आली. पण राहू द्या, तुम्हाला पटणार नाही.

---

मीनल_ठाणे

मंडळी, धागा सूटवर आहे, आणि अर्ध्याहून जास्त प्रतिसाद टिपांवर. काकांनी मूळ प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही. जहाज ‘तेच’ कसं?

तारवटी, तुम्हीच सांगा. तुम्ही दोन्हीकडे काम केलंत ना? सूटमध्ये सर्व्हिस खरंच वेगळी असते की आम्हीच मनाची समजूत घालतो?

---

तारवटी_बांदा

ताई, मी तोच, साबण तोच, टॉवेल थोडा जाड. फरक मिनिटांचा. पाच वर्षं मी इनसाईड आणि बाल्कनीच्या खोल्या केल्या. अठरा खोल्या, सकाळी आणि परत संध्याकाळी. इनसाईडला बारा मिनिटं मिळायची. त्यात पलंग, संडास, कचरा, आरसा. कोणाच्या उशाखाली गुडघ्याचं मलम आहे हे दिसायचं, पण लक्षात ठेवायला डोकं शिल्लक नसायचं. नंतर सूटमध्ये टाकलं, आठ खोल्या, साथीला हेल्पर. अर्धा-अर्धा तास. तेव्हा मीही लोकांचं गरम पाणी लक्षात ठेवायला लागलो. मी काही एकदम चांगला माणूस झालो नव्हतो.

काकांच्या बटलरबद्दल: त्याच्याकडे बहुतेक जास्त खोल्या दिल्या असतील. काही ठिकाणी बटलर फक्त जाहिरातीत असतो. म्हणून बुक करताना खोली किती चौरस फूट हे विचारू नका. एका बटलरकडे किती सूट, ते विचारा. एजंट गडबडतो, पण विचारा.

आणि डोक्यावर काय आहे ते डेक प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशात दिसतं. तलावाच्या खाली खोली घेतली ती मुलांनी. त्यात आमचा दोष नाही.

---

नाशिककर_काका

मुलांना डेक प्लॅन वाचता येत नाही हे मान्य. धाकटा इंजिनिअर आहे, तरी.

बारा मिनिटांचा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता. एक मान्य करतो, ज्याच्या घरी ७८ वर्षांची आई आहे त्याने ते दार विकत घ्यावं, मी माज म्हणणार नाही. इतर कोणी घेतलं तर म्हणेन.

टिपांचं तत्त्व माझं कायम. तरी पुढच्या खेपेला काउंटरवर जाणार नाही. त्याऐवजी कंपनीला पत्र लिहीन, तीन पानी. बटलरला मात्र एक छदामही देणार नाही.

---

मीनल_ठाणे

तीन पानांत ‘जहाज तेच’ एकदा तरी लिहाल, माहीत आहे मला. आणि दारूच्या पैशांबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्हीही दोघंच घेतो, तेही एखादा ग्लास. आईंचं भाड्यातलं पेयांचं पॅकेज फुकट गेलं, लिंबू-सोडा पिऊन किती वसूल करणार? न पिणाऱ्यांसाठी यॉट क्लबचा हिशोब बसत नाही, फक्त गुडघ्यांसाठी बसतो.

---

चहाबाज

एवढं रामायण झालं, पण चहाचं कोणीच बोललं नाही. तारवटी, तुम्ही आठ महिने पिशवी बुचकळत काढलेत का?

---

तारवटी_बांदा

छे! क्रू मेसमध्ये आमची पोरं होती ना. मोठ्या पातेल्यात आलं ठेचून, दूध घालून, दोनदा उकळी. पहाटे चारला आणि रात्री अकराला. फिलिपिनो पोरंसुद्धा कप घेऊन रांगेत यायची. असा चहा वर कुठल्याच रेस्टॉरंटमध्ये मिळत नाही.

---

चहाबाज

हा मेस कितव्या डेकवर असतो?

---

तारवटी_बांदा

खाली, आय-९५ च्या बाजूला. पॅसेंजरला परवानगी नाही.

---

चहाबाज

स्टार क्लासवाल्यांनाही नाही?