भावाला व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवतायत, वर्क परमिट नंतर काढू म्हणतात. हे बरोबर आहे का?

खेडची_ताई

नमस्कार मंडळी. आम्ही खेड तालुक्यातले. धाकटा भाऊ एसी रिपेअरिंगचं काम करतो, हात चांगला आहे पण शिक्षण नववीपर्यंतच, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, आलाय. गावातल्या एका ओळखीच्याने मुंबईतल्या एजंटशी गाठ घालून दिली. दुबईत मेंटेनन्स कंपनी, पगार १८०० दिरहम, खोली कंपनीची, जेवण आपलं. एजंट सगळे मिळून १ लाख १० हजार मागतोय, त्यातले ४० हजार आत्ता आणि उरलेले तिकीट हातात आलं की. ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, त्यावर लोगो, सही, शिक्का सगळं आहे. पण तो म्हणतो आधी व्हिजिटवर जायचं, मग कंपनी तिथेच वर्क परमिट काढेल, आणि एअरपोर्टवर कोणी विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं. हे शेवटचं ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. आई बांगड्या गहाण टाकायला निघालीय आणि भाऊ म्हणतो सगळे असेच जातात. खरंच असेच जातात का? कोणी तिकडे असेल तर प्लीज सांगा, सोमवारपर्यंत पैसे द्यायचेत.

शारजा_मेंटेनन्स

ताई, ते ४० हजार देऊ नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी इकडे बिल्डिंग मेंटेनन्समध्ये सुपरवायझर आहे, व्हिजिटवर आणलेली पोरं रोज बघतो. व्हिजिटवर येऊन नोकरी शोधणं हा गुन्हा नाही, आणि कंपनीने रीतसर परमिट काढलं तर इथल्या इथे स्टेटस बदलतंही. पण परमिट हातात यायच्या आधी एक दिवस जरी कामावर उभं केलं तरी ते बेकायदेशीर, कंपनीसाठीही आणि मुलासाठीही. ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा कडक केलाय, परमिटशिवाय माणूस कामाला लावला तर मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. तरी काही जण लावतात कारण पोरगा तक्रार करणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. तक्रार करायला गेला तर पहिला प्रश्न हाच येणार की तू इथे कुठल्या परमिटवर काम करत होतास. पगार नाही दिला तर दाखवायला कागद नाही, व्हिजिटची मुदत संपली की दर दिवसाचा ओव्हरस्टेचा दंड वेगळा चढत जातो, आणि ज्याने आणला तो फोन उचलत नाही.

बरोबर रस्ता असा असतो. कंपनी इथल्या लेबर मिनिस्ट्रीच्या, म्हणजे मोहरेच्या सिस्टममधून ऑफर लेटर काढते, ते भावाकडे सहीसाठी येतं, ते अरबी आणि इंग्रजीत असतं आणि तिसरी भाषा हिंदी मागता येते, ती मागाच. त्यावर ट्रान्झॅक्शन नंबर असतो, तो मोहरेच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. सही झाली की परमिटची मंजुरी, मग नोकरीचा एन्ट्री परमिट, त्या परमिटवर विमानात बसायचं. इकडे आल्यावर मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि साधारण २ वर्षांचा रेसिडन्स. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लोगोवाल्या कागदाला काही अर्थ नाही, तो कुणीही दहा मिनिटांत बनवतो.

अजून एक, त्या १८०० मध्ये बेसिक किती आणि अलाउन्स किती ते विचारा. इथे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर मोजतात, वर्ष पूर्ण झाल्यावर दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पहिली ५ वर्षं. बेसिक ७०० आणि बाकी अलाउन्स असं लिहिलेलं असेल तर पोराचं नुकसान आहे, आणि ते जाताना कळतं.

क्लिअरन्सवाला

वरचं सगळं बरोबर. भारताच्या बाजूचं मी सांगतो, हेच काम करतो बरीच वर्षं.

ईसीआर पासपोर्टवाल्याला नोकरीसाठी यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन अशा एकूण १८ देशांत जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याचा क्लिअरन्स लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो. फिरायला जाणाऱ्याला तो लागत नाही, म्हणून तर एजंट "फिरायला चाललोय" म्हणायला शिकवतो. पण क्लिअरन्समध्ये नुसता शिक्का मिळत नाही हो. त्यात मालक कोण, पगार किती, काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय हे सरकारी रेकॉर्डवर येतं. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं कव्हर, आणि हप्ता २ वर्षांसाठी २७५ रुपये, ३ वर्षांसाठी ३७५, वर टॅक्स. व्हिजिटवर गेलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. उंचावर आउटडोअर युनिट बसवणाऱ्या पोराला तुम्ही विम्याशिवाय पाठवणार का, एवढाच विचार करा.

आता एजंट. १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला नोंदणी लागते. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव, लायसन्स नंबर, पत्ता जुळतो का आणि लायसन्स चालू आहे का बघा, सस्पेंड झालेलीही असतात. आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये, पावतीसकट. १ लाख १० हजार हा आकडा कुठल्याच नियमात बसत नाही.

खेडची_ताई

खूप खूप आभार. आज एजंटला फोन करून लायसन्स नंबर विचारला तर म्हणाला लायसन्स दुसऱ्या ऑफिसच्या नावावर आहे, आमचं त्यांच्याशी टायअप आहे. पावतीचं विचारलं तर जरा चिडलाच. आणि नवीन सांगितलं की व्हिसाचा खर्च सध्या कंपनी करेल, नंतर पगारातून महिन्याला ३०० दिरहम कापेल, आणि पासपोर्ट दोन वर्षं कंपनीकडे राहील. हे तरी कायद्यात बसतं का?

क्लिअरन्सवाला

टायअप म्हणजे सब-एजंट, आणि सब-एजंट कायद्यात नाहीच. ज्याच्या नावावर लायसन्स त्याच्याच ऑफिसात जाऊन, त्याच्याच बँक खात्यात पैसे भरून, त्याच्याच नावाची पावती. याशिवाय एक रुपया नको.

देरा_एसी_काँट्रॅक्टर

मी मालकाच्या बाजूने लिहितो, माझी इथे छोटी एसी-डक्टिंगची कंपनी आहे, चिपळूण-गुहागरकडची बरीच मुलं माझ्याकडे आहेत.

ताई, दोन्ही गोष्टी कायद्यात बसत नाहीत. इथला लेबर लॉ, २०२१ चा ३३ नंबरचा डिक्री-लॉ, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की भरतीचा आणि नोकरीवर आणण्याचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून ना सरळ घ्यायचा ना फिरवून. आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. "सेफ्टीसाठी ठेवतो" असं खूप ठिकाणी सांगतात, पण ठेवायला लॉकर द्या ना मुलाला, किल्ली त्याच्याकडे.

मालक व्हिजिटचा शॉर्टकट का मारतात ते पण सांगतो. ईसीआरवाला माणूस आणायचा तर मला ई-मायग्रेटवर कंपनी नोंदवावी लागते, डिमांड लेटर म्हणजे कुठल्या कामाला किती माणसं हवीत त्याचं पत्र, काँट्रॅक्टचा नमुना, एजंट असेल तर त्याला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, आणि यात वेळ जातो. साइट चालू झालेली असते आणि कंत्राट देणारा रोज फोन करतो. शिवाय काहींना माणूस आधी वापरून बघायचा असतो. पण त्यासाठी कायद्यातच प्रोबेशन आहे, ६ महिन्यांपर्यंत. पटला नाही तर १४ दिवसांची नोटीस द्या. मुलाला प्रोबेशनमध्ये इथेच दुसरीकडे जायचं असेल तर त्याने एक महिन्याची नोटीस द्यायची आणि माझा भरतीचा खर्च नवीन मालकाने भरायचा, मुलाने नाही. माझ्या मते ही व्यवस्था दोघांनाही न्याय देणारी आहे, आणि जो मालक तेवढंही करायला तयार नाही तो पगार वेळेवर देईल याची मला तरी खात्री वाटत नाही. माझ्यासारख्या छोट्या कंपनीला जमतं तर इतरांनाही जमतं.

आणि एजंट मुलाकडून लाखभर घेतो तेव्हा नुकसान माझंही होतं हे मालक लोकांनी लक्षात घ्यावं. डोक्यावर कर्ज घेऊन आलेला मुलगा रात्री बाहेर पार्ट टाइम करतो, सकाळी झोप न झालेला शिडीवर चढतो. मी आता मुलाखतीत पहिलं विचारतो, कोणाला किती पैसे दिलेस.

दापोलीकर

माझ्या मावसभावाला असंच व्हिजिटवर पाठवत होते. सहारला इमिग्रेशनच्या काउंटरवर हॉटेलचं बुकिंग विचारलं, खर्चाला पैसे किती नेतोस विचारलं, आणि याच्या हँडबॅगेत एसीचे गेज आणि फ्लेअरिंग टूल. फिरायला जाणारा गेज कशाला नेईल? तिथूनच परत पाठवला. तिकीट गेलं, व्हिसाचे पैसे गेले, एजंटने हात वर केले. आता तो पुण्यात कामाला आहे, ठीक चाललंय, पण व्याज अजून भरतोय.

शारजा_मेंटेनन्स

दापोलीकर, त्याला एका अर्थी बरंच झालं म्हणायचं, इकडे पोचून अडकला असता तर जास्त त्रास. कोणाचं कोणी आधीच इकडे अडकलं असेल तर दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८००४६३४२, हिंदीत बोलतात. पगाराची तक्रार मोहरेकडे, आणि भारतातून घरचे लोक परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकू शकतात.

खेडची_ताई

पैसे देत नाही असं आज कळवलं. तो म्हणाला सीट जाईल, जाऊ दे. भाऊ नाराज आहे पण हा धागा त्याला वाचायला दिलाय, एसीवाल्या दादांचं दोनदा वाचलं त्याने. एकच शेवटचं, दहावी केली तर ईसीआर जातो असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का? वय २३ आहे, आता शाळेत कोण घेणार.

क्लिअरन्सवाला

खरं आहे. शाळेत जायची गरज नाही, बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, तारखा बोर्डाच्या साइटवर येतात, जवळच्या हायस्कूलमध्ये चौकशी करा. पास झाला की मार्कशीट आणि सर्टिफिकेट लावून पासपोर्ट रिइश्यूला टाकायचा, कारण ईसीआर बदल असं लिहायचं. क्लिअरन्सची अट जाईल, पण मोहरेचं ऑफर लेटर आणि एन्ट्री परमिट तेव्हाही तपासायचंच. आणि तोवर थांबायलाच हवं असं नाही, आत्ताच्या पासपोर्टवरही रीतसर जाता येतं, ई-मायग्रेटच्या यादीतले मुंबईचे दोन-तीन एजंट गाठून एसी टेक्निशियनची डिमांड आहे का विचारा. जाताना त्याला कामाचा अनुभव लेखी घेऊन जायला सांगा, सध्या ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्या लेटरहेडवर.